शेवटी ‘आन’ पाहिजे

बाळ पाच दिवसांचं असताना भावाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, कारण मागून भावजय आणि कुकरची शिट्टी दोन्ही ऐकू येत होतं. “ताई, ‘म’वरून नाव सांग. शेवटी ‘आन’ पाहिजे.”

मी अप्पा बळवंत चौकात एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधनाचं काम करते. ऱ्हस्वदीर्घ बघण्यात वीस वर्षं गेली, त्यामुळे नात्यातल्या बहुतेक बारशांची नावं माझ्या टेबलावरून जातात. शिवाय या खेपेला मी आत्या, म्हणजे कानात ‘कुर्रर्र’ करायचा मान माझाच.

“मिहान कसं वाटतं?” भावजयीने विचारलं. ॲपवर सापडलं होतं.

“ते नागपूरला आहे,” मी म्हटलं. “विमानतळाला लागून मोठा प्रकल्प आहे त्या नावाचा.”

पलीकडे शांतता. मग भाऊ हसला, ती नाही हसली. तिच्या बहिणीच्या मुलांची नावं विहान आणि ईशान. तिसरा त्यांच्यात शोभला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि त्यात वावगं काही नव्हतं.

‘म’ आला पंचांगातून. पंचांगात अवकहडा चक्र असतं: २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, एकूण १०८, आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. जन्मवेळी चंद्र ज्या चरणात असेल त्याचं अक्षर बाळाचं. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. आमच्या बाळाचं नक्षत्र मघा, तिला मा, मी, मू, मे. आर्द्रेच्या वाट्याला कू, घ, ङ, छ आलेत. ‘ङ’वरून नाव असलेला मुलगा माझ्या तरी पाहण्यात नाही, तिथे गुरुजीसुद्धा निमूटपणे शेजारच्या अक्षरावर सरकतात. पण हे चक्र बोलतं ते फक्त पहिल्या अक्षराबद्दल. शेवट आईबापांवर सोडलेला.

म्हणजे नावाचं डोकं आजीच्या पंचांगाने ठरवलं आणि शेपूट मावशीच्या घराने. मधे जागा उरली एखाद्या अक्षराची. मग त्या जागेत ह घालून बघ, व घालून बघ, य घालून बघ: मिहान, मिवान, मियान. (तलवारीचं म्यान आठवलं की तोही गेला.) अलीकडची बरीचशी नवी नावं नेमकी अशीच तयार होतात. दोन्ही टोकं आधी घट्ट धरायची आणि मधलं भरायचं. अर्थ नंतर चिकटवायचा. त्यामुळे नावात गडबड दिसली की आईबापांची हौस काढण्याआधी हा हिशोब बघावा. दोन्ही टोकं बांधलेली असतील तर खरे शब्द फारच थोडे उरतात.

शेवटाचाही नियम होता

जुन्या काळी शेवटाबद्दल कुणी बोललंच नव्हतं असं नाही. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाच्या नावाची चक्क कृती दिलीय. नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं, घोष व्यंजनाने म्हणजे ग, ज, द, ब असल्या घुमणाऱ्या वर्णाने सुरू व्हावं, मधे य, र, ल, व यांपैकी काही यावं, आणि शेवटी दीर्घ स्वर किंवा विसर्ग असावा. मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त. पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीला व्याकरण का शिकावं याची कारणं दिलीत, त्यात मुलाचं नाव ठेवणं हेही एक कारण आहे. नाव कृदन्त म्हणजे धातूपासून घडलेलं असावं, तद्धित म्हणजे दुसऱ्या नामापासून घडलेलं नको, असं याज्ञिक सांगतात. आणि व्याकरण आल्याशिवाय बापाला हा फरक कळणार कसा, असा त्याचा मुद्दा. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणूनच तुला फोन केला.”

आता हा नियम ‘राम’ला लावून बघू. संस्कृतात ‘रामः’. रा आणि मः, दोन अक्षरं, शेवटी विसर्ग. शेवटापुरता तरी नियमात चोख. मराठीत आधी विसर्ग गेला, मग त्याच्या आधीचा ‘अ’ही गेला. लिहितो आपण ‘राम’, म्हणतो ‘राम्’. आत्ता म्हणून बघा: ‘म’ला ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. सूत्रकाराने जो शेवट हवा म्हणून बजावलं, नेमका तोच मराठीने गिळला.

हे एक कळलं की नावांच्या शेवटाचं अर्धं कोडं सुटतं. कागदावर अकारान्त दिसणारी नावं तोंडात व्यंजनावर संपतात: सचिन्, गणेश्, अर्णव्. पण शेवटी जोडाक्षर असेल तर ‘अ’ गिळता येत नाही, कारण दोन व्यंजनांना टेकायला काहीतरी लागतं. अथर्व, आदित्य, अजिंक्य, शौर्य. इथे शेवटी तोंड उघडं राहतं. म्हणून ‘शेवटी व पाहिजे’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, आरवचा व की अथर्वचा व? अक्षर एकच, पण कानाला दोन वेगळी शेपटं.

त्यातला आरवचा ‘व’ तर आणखीच लबाड. ‘अ’नंतर शेवटी आला की तो धड व्यंजन राहत नाही, ओठ नुसते गोल होतात आणि ‘आरउ’ असं काहीतरी ऐकू येतं. भाषेची ही फार जुनी खोड. लवणाचं लोण झालं ते असंच (लोणचं त्याच घरातलं), नवनीताचं लोणी झालं, माधवाचा माधो झाला आणि केशवाचा केसो. जुन्या कागदांत केसोपंत भेटतात ते हेच केशवपंत.

हलन्ताचा घोटाळा

शेवटचा ‘अ’ गेल्यामुळे काही नावांचे अर्थ एकमेकांवर चढून बसलेत. अजित आणि इंद्रजित घ्या. दोन्हींच्या शेवटी ‘जित’. पण अजित म्हणजे जो जिंकला गेला नाही. तिथलं ‘जित’ म्हणजे जिंकलेला, हरवलेला. आधी ‘अ’ लावून ते नाकारलंय. इंद्रजित् मात्र इंद्राला जिंकणारा. त्याच्या ‘त्’चा पाय मोडलेला आहे आणि त्या मोडक्या पायातच ‘जिंकणारा’ हा अर्थ आहे. अभिजित, विश्वजित, रणजित ही त्याच्या बाजूची मंडळी. संस्कृतात हा फरक उच्चारातच कळायचा. मराठी तोंडात दोघेही ‘जीत्’, आणि मग हिंदीतली ‘जीत’ मदतीला धावून येते म्हणून लोक अभिजीत असं दीर्घ लिहितात.

ऱ्हस्वदीर्घाचं दुखणं ‘इत’, ‘इन’वाल्या सगळ्याच नावांना आहे. रोहित, ललित, मोहित, अमित हे तत्सम शब्द, त्यामुळे लिहिताना ऱ्हस्व. म्हणताना मात्र आपण सगळेच ‘रोहीत’ म्हणतो, कारण शेवटचं व्यंजन मिटलं की मराठी जीभ त्याच्या आधीचा इकार ताणते. सचिन ऱ्हस्व लिहितात, नितीन दीर्घ लिहितात, आणि एकाच बाकावर बसलेल्या सचिन-नितीनला बाई एकाच सुरात हाक मारतात. माझ्या पोटापाण्याचा प्रश्न असल्यामुळे मला याचं वाईट वाटत नाही.

ईश कुठे ए होतो

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या जिन्याखाली उभं राहा आणि नावांच्या पाट्या वाचा. वरच्या, रंग उडालेल्या पाट्यांवर मधुकर, प्रभाकर, दिनकर, गंगाधर. नंतर रमेश, सुरेश, महेश, उमेश. मग अमित, सचिन, नितीन. मग चिन्मय, तन्मय, अक्षय. सगळ्यात नव्या पाटीवर नाव बहुधा मुलाचंच असतं, खडूने किंवा स्टिकरने, आणि ते ‘आन’ नाहीतर ‘आंश’ने संपतं. पिढी ओळखायला आडनाव लागत नाही. शेपूट पुरतं.

यातल्या ‘एश’वाल्या पिढीची बांधणी फार सुबक आहे, म्हणून तिथे जरा थांबते. सगळ्यांच्या पोटात एकच शब्द: ईश, म्हणजे स्वामी. रमा अधिक ईश, रमेश. उमा अधिक ईश, उमेश. गण अधिक ईश, गणेश. आधीच्या शब्दाच्या शेवटी अ किंवा आ असला की तो ‘ई’त मिसळून ‘ए’ होतो. तिथे इ किंवा ई असली तर दोन्ही मिळून लांब ‘ई’ होते: सती अधिक ईश, सतीश, गिरि अधिक ईश, गिरीश. आणि तिथे व्यंजन असलं तर ‘ई’ आहे तशी राहते, व्यंजनच बदलतं: जगत् अधिक ईश, जगदीश. म्हणजे सुरेश आणि सतीश यांच्या शेवटात जो फरक ऐकू येतो, तो शेवटामुळे नाही, त्याच्या आधी कोण बसलंय त्यामुळे आहे. हृषीकेशही याच पंगतीतला. हृषीक म्हणजे इंद्रिय, त्यांचा ईश. त्याचा ऋषीशी संबंध नाही, तरी दर दोन महिन्यांनी माझ्याकडे एक ‘ऋषिकेश’ येतोच. मनीष मात्र या घरचा नव्हे. तो मनीषेतून, बुद्धीतून आलाय. त्याचा ष पोटफोड्या.

ही समज असली की नवं नावही नीट घडवता येतं. ‘आंश’चंच बघा. शिवांश सरळ फुटतो: शिव अधिक अंश. दिव्यांश, वेदांश, रुद्रांशही फुटतात. रियांश फोडायला गेलं तर अंश हातात येतो आणि ‘रिय’ उरतो. त्याचं काय करायचं ते ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही. फोडून दोन्ही तुकडे हातात येतात का, एवढी परीक्षा घरबसल्या कुणालाही करता येईल.

आता ‘आन’

‘आन’च्या कुळात तीन वेगवेगळ्या गावची माणसं राहतात. ईशान अस्सल संस्कृत. ‘ईश्’ धातूला ‘आन’ लागून झालेलं, सत्ता चालवणारा, शिवाचं नाव. ईशान्य दिशा त्याचीच. रेहान अरबीतून आलं; रैहान म्हणजे तुळशीच्या जातीचं सुगंधी झाड. विहान बहुधा उत्तरेकडचं: भोजपुरीत, मैथिलीत बिहान म्हणजे सकाळ. तिघंही चांगलीच. फक्त तिघांचाही अर्थ ‘सूर्याचा पहिला किरण’ असा छापलेला दिसला की शंका घ्यावी. इंटरनेटवर ज्या नावाचा अर्थ सापडत नाही तो सूर्याचा पहिला किरण असतो.

आरवचा अर्थ तर मी स्वतः कितीतरी ठिकाणी ‘शांत’ असा वाचलाय. रव म्हणजे आवाज, कलरव आपण सगळ्यांनी शाळेत लिहिलाय. संस्कृत कोशात आरव म्हणजे आवाज, गर्जना, गलका. ज्यांच्या घरी दोन वर्षांचा आरव आहे त्यांना कोशाकडे बघायची गरज पडू नये.

‘आन’चं चौथं एक घर आहे, आणि ते खास आपलं असूनही कुणी तिकडे फिरकत नाही. हनुमान, भगवान, बलवान, गुणवान. संस्कृतात मूळ शब्द हनुमत्, त्याचं प्रथमेचं एकवचन हनुमान्. पण तोच शब्द पुढे चालवताना हनुमन्त् असा होतो आणि मराठीने ते दुसरं रूप जास्त जवळ केलं: हनुमंत, भगवंत, बळवंत, गुणवंत, श्रीमंत. म्हणजे ‘आन’ आणि ‘अंत’ हे एकाच नावाचे दोन शेवट. मी रोज ज्या चौकात बसमधून उतरते त्याच्या नावातला बळवंत आणि व्यायामशाळेच्या भिंतीवरचा बलवान हे सख्खे भाऊ आहेत. भावजयीला मी म्हटलं, “‘म’वरून खरं ‘आन’ हवं असेल तर मतिमान आहे. बुद्धिमान या अर्थी.” तिने फोन भावाकडे दिला.

प्रत्यय लावून बघा

नाव ठेवताना लोक ते एकटं म्हणून बघतात. पण नाव एकटं फार क्वचित येतं. मराठीत ते दिवसभर ला, ने, चा, शी घेऊन हिंडतं, आणि खरी परीक्षा तिथे होते.

सामान्य नामाला प्रत्यय लागताना रूप बदलतं: देव, देवाला. माणसाच्या नावाला आपण आता थेट प्रत्यय लावतो: अजय, अजयला. त्यामुळे एक छान भेद तयार झालाय. सारसबागेतल्या गणपतीला आपण ‘गणेशाला’ दूर्वा वाहतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ‘गणेशला’ खाली बोलावतो. देव असेल तर ‘आ’ येतो, शेजारी असेल तर नाही. रामाने सेतू बांधला, रामने गाडी धुतली.

आता गुणवाचक नावं घ्या. आनंदने जेवण केलं आणि आनंदाने जेवण केलं, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. विश्वासने पैसे परत केले, विश्वासाने पैसे परत केले. एका कानामात्रेत माणूस नाहीसा होतो. आमच्या बिल्डिंगीत एक शौर्य आहे, सहा वर्षांचा. त्याचे आजोबा जुन्या वळणाचे, नावालाही सामान्यरूप करतात. पार्किंगमधून ते ओरडले, “शौर्याने काच फोडली!” आणि दोन मजले टाळ्या वाजवायला गॅलरीत आले.

जोडाक्षरी नावांची आणखी एक अडचण इंग्रजी स्पेलिंगमध्ये निघते. अथर्व, शौर्य, आर्य यांच्या शेवटचा जो आखूड ‘अ’ आपण सहज म्हणतो, तो रोमन लिपीत दाखवायला ‘ए’ लावावा लागतो, आणि मराठी नसलेला माणूस तो ‘आ’ वाचतो. अथर्वा, शौर्या, आर्या. पारस्करांचा नियम आपल्या अंगात इतका मुरलाय की ‘आ’ ऐकला की मुलगी समजायची. माझ्या एका आतेभावाच्या आर्यला शाळेने पहिल्या दिवशी मुलींच्या रांगेत उभं केलं होतं. शाळेचाही दोष म्हणवत नाही, स्पेलिंग तेच होतं. ‘आन’, ‘एश’, ‘इत’ असं व्यंजनाने मिटणारं नाव या बाबतीत सुखी, त्याला मागे काही चिकटत नाही.

मग हाक. ही परीक्षा कागदावर होत नाही, गॅलरीतच व्हावी लागते. हाकेत नाव ताणलं जातं आणि ताण घेतो तो शेवटच्या व्यंजनाआधीचा स्वर. ‘ईशाऽऽन’ छान लांबतं. ‘आ’ला भरपूर जागा आणि ‘न’ नाकातून घुमत राहतो. न, म, र, ल हे धरून ठेवता येणारे वर्ण. त, क, प, ट यांवर जीभ किंवा ओठ धाडकन बंद होतात, म्हणून ‘रोहीऽऽत्’ला शेवटी दार आपटल्यासारखं होतं. त्यात वाईट काही नाही, दटावायला तो शेवट उत्तम. ‘श’ लांबवता येतो, पण कर्वे रोडच्या स्कूटरींपुढे त्याचा टिकाव लागत नाही. खाली पोचतं ते नुसतं ‘मह्हे’.

आणि एवढं सगळं करून जो शेवट तुम्ही निवडाल, तो पोरं पहिल्या आठवड्यात कापतात. सचिनचा सच्या, नितीनचा नित्या, प्रकाशचा पक्या, अभिजितचा अभ्या. नियम पक्का आहे: पुढचा तुकडा ठेवायचा, मागचं छाटायचं आणि ‘या’ लावायचा. म्हणून नाव ठरवताना माझी शेवटची अट असते की त्याला ‘या’ लावून मोठ्याने म्हणा. ईशानचा ईश्या होतो, चालून जातो. अयानचा अय्या. रियांशचा अर्ध्यावरच रिया. कियानची तर गाडीच होते. आमच्या आधीच्या पिढीला ही भीती नव्हती, कारण गण्या आणि बंड्या हे तेव्हा जवळजवळ पदव्या होत्या.

फॉर्मवरचं नाव

आता कोरडा भाग, पण आमच्या घरी निकाल इथेच लागला.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, कायदा १९६९चा. पण नोंद करताना नाव ठरलेलं असलंच पाहिजे असं नाही. रकाना रिकामा ठेवून जन्म नोंदवता येतो. नाव नंतर १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर ‘नाव काय लिहू?’ विचारलं की घाबरून पहिलं सुचेल ते सांगायचं कारण नाही. मात्र एकदा लिहिलेलं नाव बदलणं त्रासाचं असतं, आणि १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच दाखवायचा आहे. तेव्हा स्पेलिंगसकट सगळं आधी एका कागदावर लिहून बघावं.

मी तेच केलं. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळाचं नाव लिहायचा क्रम बदललाय: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. पूर्वी मुलाच्या नावाचा शेवट वडिलांच्या नावाच्या सुरुवातीला जाऊन भिडायचा. आता तो आईच्या नावाला भिडतो. आमच्या भावजयीचं नाव ‘न’वरून आहे. समजा ते नंदिनी असतं, तर विहान नंदिनी हे दोन शब्द भरभर म्हणून बघा. विहानंदिनी. एक ‘न’ दुसऱ्या ‘न’त बुडतो आणि मुलगा आईत विरघळतो.

मी तिला फोनवर तिच्या खऱ्या नावाने तसं म्हणून दाखवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिनेच म्हटलं आणि हसायला लागली. “मग आता?”

मी तिला विचारलं की ‘आन’मधलं तुला नक्की काय आवडतं? ‘न’ आवडतो का? ती म्हणाली, विचारच केला नव्हता. मग तिने विहान, ईशान दोन-तीनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाली, “तो ‘आ’. लांब जातो ना, म्हणून.”

बहुतेकांचं असंच असतं. शेवट म्हणून आपण जो सांगतो त्यात दोन गोष्टी असतात, एक स्वर आणि एक व्यंजन, आणि मन जडलेलं असतं बहुधा स्वरावर. व्यंजन सैल सोडलं की दारं उघडतात. लांब ‘आ’ ठेवायचा, पुढे ‘न’ऐवजी धरून ठेवता येईल असा दुसरा कुठलाही वर्ण घ्यायचा. ‘आम’: श्रीराम, सुदाम. ‘आल’ किंवा ‘आळ’: विशाल, गोपाळ. (गोपाळ आता कुणी ठेवत नाही. आगरकर गोपाळ, गोखले गोपाळ, त्या एका ‘ळ’वर या शहराचे रस्ते उभे आहेत, पण हिंदी मुलखात गेल्यावर ‘ळ’ कोण म्हणणार, ही भीती. खरी आहे ती.) ‘आर’: ओंकार, केदार, तुषार. आणि ‘म’वरून मंदार, मल्हार.

मंदार तिने तिथल्या तिथे खोडलं. तिच्या वर्गात एक मंदार होता आणि तो दुसऱ्यांच्या डब्यातलं खायचा. यावर भाषाशास्त्राकडे उत्तर नाही.

मल्हार उरलं. जेजुरीच्या खंडोबाचं, मल्हारी मार्तंडाचं, पावसाच्या रागाचंही. गुरुजींच्या हिशोबाने ‘मी’ हवा होता, ‘म’वर भागवा म्हणाले. विहान, ईशान, मल्हार: ‘न’ जुळत नाही, पण ‘आ’ तिघांचाही तेवढाच लांब, आणि पोरांना ओळीने हाक मारली तर कानाला तिसरा परका वाटत नाही. मल्हारला, मल्हारने, मल्हारचा, कुठे अडत नाही. ‘र’ आणि आईचा ‘न’ एकमेकांत मिसळत नाहीत. स्पेलिंगच्या शेवटी ‘ए’ नाही. भाऊ गॅलरीत जाऊन ओरडून आला. समोरच्या बिल्डिंगीतल्या काकूंनी विचारलं, कोण हरवलंय का.

बाराव्या दिवशी बारसं झालं. घुगऱ्या जरा कच्च्या राहिल्या होत्या. पाळण्याखालून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ झालं, मी वाकले, कुर्रर्र केलं आणि कानात नाव सांगितलं. तो झोपलेलाच होता. त्याची चार वर्षांची बहीण पाळण्याच्या दोरीला लोंबकळत सगळं बघत होती. तिला अजून ‘र’ म्हणता येत नाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पाळण्यात बघितलं, आणि जाहीर केलं:

“मल्लू उठला.”